जहाजानं अडवलेला मुहूर्त

स्वप्नालीचं लग्न एका जहाजानं अडवून धरलं होतं. हसू नका. मुलींची लग्नं पत्रिकेनं अडतात, उंचीनं अडतात, मामाच्या रुसव्यानं अडतात. हिचं अडलं होतं युद्धनौकेनं, आणि तेही चाकणमध्ये, जिथं घाट उतरल्याशिवाय समुद्राचं तोंड दिसत नाही.

त्याचं असं झालं. तिचे वडील अर्जुनराव म्हणजे निघोज्याचे पिढीजात शेतकरी. कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, तेव्हा भावकीतल्या बाकीच्यांनी बंगले बांधले. अर्जुनरावांनी मात्र एमआयडीसीत पत्र्याची शेड ठोकली आणि लोखंडाच्या धंद्यात उडी घेतली. गाड्यांच्या सुट्या भागांवर बरं चाललं होतं. मग एके दिवशी एका गोदीचं काम मिळालं. बांधायला घेतलेल्या युद्धनौकेचे वॉटरटाइट दरवाजे करायचे होते. एका खोलीत समुद्र शिरला तरी शेजारच्या खोलीत थेंब जाता कामा नये असे, आठ-आठ खिट्ट्यांचे, हलवायला चार माणसं लागणारे दरवाजे! अर्जुनरावांना आभाळ ठेंगणं झालं. त्यात नेमकी त्याच आठवड्यात भैरोबाची यात्रा होती. गुलालानं माखलेले अर्जुनराव स्टेजवर चढले, माईक हातात घेतला, आणि कुणी मागितलेला नसताना शब्द देऊन बसले.

"भैरोबाच्या साक्षीनं सांगतो! आमचा दरवाजा लावलेलं जहाज समुद्रात गेल्याबिगर मी माझ्या पोरीच्या लग्नाचा नारळ फोडणार न्हाई!"

टाळ्या काय, शिट्ट्या काय, हलगी काय! खरं सांगायचं तर त्यात जोखीम काहीच नव्हती. जहाज दोन वर्षांत निघणार असं ठरलेलं होतं आणि स्वप्नाली तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. बेत एकदम चोख होता. फक्त जहाजाला कुणी विचारलं नव्हतं.

त्या माईकला आता सात वर्षं होत आली.

आधी पोलाद आलं नाही. पोलाद आलं तर इंजिनं आली नाहीत, कारण ज्या देशातून ती यायची होती तिथंच लढाई जुंपली. लढाईसाठी जहाज हवं, आणि लढाईमुळेच जहाज अडलं, आता बोला! मध्ये करोना येऊन गेला. तो गेला तर वरच्या कुणाला तरी वाटलं, तोफ जरा वीतभर पुढं घ्यावी. तोफ सरकली म्हणून तिच्या मागची खोली सरकली, खोली सरकली म्हणून बोळ सरकला, आणि बोळ सरकला म्हणून चाकणमध्ये तयार होऊन पडलेल्या दरवाजांच्या डावीकडच्या बिजागऱ्या उजवीकडं हव्या झाल्या. ते डावे दरवाजे भंगारात घालायला अर्जुनरावांचं मन होईना. त्यातला एक त्यांनी शेडमागच्या संडासाला बसवला. बाहेर महापूर आला तरी आतला माणूस कोरडा राहील असा तो पंचक्रोशीतला एकमेव संडास. फक्त आठ खिट्ट्या उघडायला वेळ लागतो, त्यामुळं घाईचा माणूस शेजारच्या कंपनीत जातो.

स्वप्नालीचं काय म्हणाल, तर ती हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. दुसऱ्या पोरी चांगल्या नवऱ्यासाठी सोळा सोमवार करतात, हिनं वेल्डिंगचे एक्स-रे वाचायला शिकून घेतले. जहाज निघाल्याशिवाय लग्न नाही ना? मग आपल्याकडून तरी त्या जहाजाला एका दिवसाचा उशीर होता कामा नये, या इरेला पेटून डिग्री झाल्या झाल्या ती वडिलांच्या शेडमध्ये दाखल झाली आणि बघता बघता क्वालिटीची मुख्य झाली.

आणि नवरा तर शेडमध्येच सापडला. धनेश लातूरकडचा, ड्रॉइंगच्या टेबलावर काम करणारा, शांत आणि कुरळ्या केसांचा. गोदीकडून ड्रॉइंग बदलून आलं की दोघांना शेजारी बसून नवी मापं जुन्याशी ताडावी लागत. ड्रॉइंग इतक्यांदा बदललं की प्रेम होण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही. अर्जुनरावांनाही पोरगा मनापासून पसंत. साखरपुडा त्यांनी धूमधडाक्यात केला, कारण माईकवर साखरपुड्याबद्दल काही बोलले नव्हते. लग्नाचा विषय निघाला की मात्र मिशीवर हात. "शब्द भैरोबापुढं दिलाय. गाव तोंडात शेण घालंल."

साखरपुड्यालाही आता तीन वर्षं झाली होती. धनेशनं पिंपळे सौदागरला फ्लॅट घेऊन ठेवला होता, तिथल्या मिक्सरची वॉरंटी एकही चटणी न वाटता संपली. देहूरोडच्या मंगल कार्यालयाची तारीख दोनदा धरून दोनदा सोडली, आता तिथला मालक अर्जुनरावांचा आवाज ऐकला की विचारतो, "जहाजवाले का?" लातूरकडं धनेशची आजी अंबूबाई दर रविवारी फोन करून ओरडते, "हाललं का रं जहाज?" ती आता नव्वदीला टेकली होती. तिनं उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही, पण गिअरबॉक्स कुठं अडकलाय ते तिला तोंडपाठ. स्वप्नाली फोनवर तिच्याशी हसून बोलायची आणि फोन ठेवला की कॅलेंडरची पानं मोजत बसायची. म्हातारीला अक्षता टाकायच्या होत्या, आणि म्हातारी काही पोलादाची नव्हती.

आता शेवटचा एक दरवाजा उरला होता. तो तपासून पास झाला की गोदीत बसणार, आणि मग जहाज समुद्रात जायला मोकळं. निदान चाकणमध्ये तरी सगळ्यांचा असाच समज होता.

आणि खंडेनवमी उजाडली.

खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. शिपाई बंदूक पूजतो, शेतकरी विळा-कोयता पूजतो, आणि या पट्ट्यात लेथ, ड्रिल, पान्हे, जॅक, जे हाताला येईल ते झेंडूत बुडवतात. कारखाना अर्जुनरावांचा, पण त्या दिवशी राज्य त्यांच्या बायकोचं, म्हणजे कौशल्याबाईंचं. त्यांचा नियम कडक होता. पूजेत मांडलेल्या वस्तूला दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कुणीही हात लावायचा नाही. एका वर्षी एका फिटरनं पूजेतला पान्हा उचलला होता, तर बाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो आठवडाभर डबा एकटा खात होता.

दरवर्षी बाई चार पान्हे आणि एक हातोडी मांडायच्या. यंदा मात्र त्यांच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे! एकेका मशीनवर हार, वेल्डिंगच्या प्रत्येक होल्डरला कुंकू, ऐरणीला हळद, अर्जुनरावांच्या स्कूटरच्या डिकीतला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा पाटावर! आणि मधोमध, मानाच्या जागी, स्वप्नालीची मापं घ्यायची सगळी हत्यारं. दरवाजाची फट मोजायची फीलर गेज, पाण्याचा दाब दाखवणारं प्रेशर गेज, सगळं ओळीनं मांडून त्यावर हळदीकुंकू.

स्वप्नाली ताट धरून आईमागं फिरत होती. पाण्याच्या टाकीवर चाचणीसाठी बसवलेल्या शेवटच्या दरवाजाजवळ ती आली तर तो कोराच. शेजारचा हातपंपही कोराच. आईची नजर चुकली असेल, असं म्हणून तिनं हळदीत बोट बुडवलं, तेवढ्यात फोन वाजला.

"इंद्रायणी बोलतेय, नौदलाच्या तपासणीकडून. मी तळेगावहून निघालेय. दरवाजा तयार आहे ना?"

स्वप्नालीच्या हातातलं ताट कललं. "मॅडम, आज? तुम्ही दसऱ्यानंतर येणार होतात ना?"

"हो, पण परवा मी तुमच्या ऑफिसात फोन करून..." पुढं नुसते हॉर्न. कुणीतरी कुणाच्या तरी गाडीत गाडी घातली होती आणि सगळे बोंबलत होते. "अहो, इथं फारच... मी येतेच! आणि हो, संध्याकाळी मला परत जायचंय. आजचं राहिलं तर मग नव्या वर्षातच!" आणि फोन बंद.

आधी तिला आनंदानं उडी मारावीशी वाटली. आज शेवटचा दरवाजा पास! तिनं खरंच एक उडी मारलीही. खाली येता येता तिची नजर पाटावरच्या गेजांवर पडली आणि उडीतली हवाच गेली.

"धनेश! दुसरा संच कुठाय?"

"भोसरीच्या लॅबला तपासायला दिलाय की. आला नाही आणखी."

"मग आता?"

दोघांनी पाटाकडं पाहिलं. मग दोघांनी कौशल्याबाईंकडं पाहिलं. बाई शांतपणे समईची वात पुढं सारत होत्या.

बाजारात गेज मिळत नाहीत असं नाही, पण नौदलाच्या कामाला लॅबची मोहोर लागलेलंच गेज चालतं. स्वप्नाली आईजवळ गुडघ्यावर बसली. "आई, फक्त तासभर. दोन गेज. मी स्वतः परत ठेवते."

"पूजेतल्या वस्तूला हात लावायचा न्हाई."

"अगं, मॅडम येतायत. शेवटचा दरवाजा आहे!"

"येऊ देत की. खिचडी टाकते. उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की सगळं तुझंच हाय."

"उद्या मॅडम नसतील!" स्वप्नालीचा आवाज चढला आणि चढता चढता फुटला. "नवं वर्ष म्हणजे किती लांब, कळतंय का तुला? अंबूआजीनं किती वाट बघायची? आई, तुला माझं लग्न व्हायलाच नकोय का?"

 कौशल्याबाईंचा झेंडूचा हात क्षणभर हवेतच थांबला. मग त्यांनी फूल होतं तिथं ठेवलं आणि पुढचं उचललं. बोललेलं स्वप्नालीलाच बोचलं, पण ती इतकी चिडली होती की तशीच पाय आपटत बाहेर गेली.

धनेशनं तोवर मोटारसायकलला किक मारली होती. "रडत बसू नको. एवढी मोठी एमआयडीसी, कुणाकडं तरी मोहोर लागलेलं गेज असंलच की!"

असेल हो, का नसेल? पण खंडेनवमी काय एकट्या अर्जुनरावांच्या शेडमध्ये उगवली होती? पहिल्या कंपनीत गेला तर गेज देवापुढं. दुसऱ्या कंपनीत गेला तर क्रेनलासुद्धा हार आणि स्टोअरला कुलूप, किल्ली देवापुढं. शेवटी तो फोर्जिंगवाल्या याकूबभाईंकडं आशेनं गेला. याकूबभाई दारातच कपाळाला हात लावून उभे. "भावा, आमच्या पोरांनी पण सगळं मांडलंय. मी जर गेजला हात लावला तर ते माझीच पूजा मांडतील!" असं म्हणून त्यांनी त्याच्या हातावर दोन पेढे ठेवले.

तासाभरानं धनेश परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर नाना तऱ्हेची कुंकवं होती आणि हेल्मेट काठोकाठ भरलं होतं. स्वप्नाली धावली. "मिळालं?"

"पेढे मिळाले. खोबरं मिळालं. हा एक अख्खा नारळ मिळाला." त्यानं हेल्मेट टेबलावर रिकामं केलं. "गेज काय मिळालं नाही."

स्वप्नालीला रडू येत होतं, पण त्याचं ते रंगलेलं कपाळ बघून ती फिस्सकन हसली, मग तो हसला, आणि दोघं हेल्मेटला धरून वेड्यासारखी हसत सुटली. वेल्डर लोकांना वाटलं, गेली बिचारी, जहाजापायी डोकं फिरलं.

तेवढ्यात अर्जुनराव आले. पांढरा कडक शर्ट, कपाळाला गंध, खिशात दसऱ्याचं सोनं वाटायची आत्तापासून तयारी. स्वप्नालीनं सगळं सांगितलं. त्यांची मिशी एकदम उभी राहिली. "शेवटचा दरवाजा! आन् आज!" आणि मग पाट बघून तीच मिशी हळूहळू खाली आली.

आणि त्याच वेळी दारात गाडी थांबली.

इंद्रायणी मॅडम उतरल्या त्या पांढऱ्या गणवेशात, चाळिशीच्या, हसऱ्या चेहऱ्याच्या. "समुद्रावर वादळात रस्ता सापडतो हो," त्या घाम पुसत म्हणाल्या, "पण तुमचा चाकण चौक! नमस्कार!" इकडं तिकडं बघत त्या झेंडूच्या राशीपाशी थबकल्या, मग मागच्या दारातून दिसणाऱ्या संडासाच्या आठ खिट्ट्यांकडं बघून त्यांना खोकलाच आला. कौशल्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाल्या. "इंद्रायणी! आमच्या नदीचं नाव हाय तुमचं. उपास असंल ना? खिचडी केलीय." दोघी एकमेकींकडं बघून जुनी ओळख असल्यासारख्या हसल्या. स्वप्नालीला ते चमत्कारिक वाटलं, पण तिला आता सगळंच चमत्कारिक वाटत होतं.

खिचडीची बशी हातात घेऊन मॅडम म्हणाल्या, "चला, गेज आणा. सुरू करू."

सगळे अर्जुनरावांकडं बघायला लागले. 

अर्जुनरावांनी टोपी काढली, परत घातली. मग मोठ्या अदबीनं, जन्मात बायकोपुढं बसले नव्हते तसे, ते पाटासमोर मांडी घालून बसले. "अगं, ऐक जरा."

"ऐकते."

"दोन गेजा तर हैत. वरची हळद हळूच पुसायची, माप घ्यायचं, परत हुती तिथं ठिवायची. कुणाला कळतंय?"

"देवाला कळतंय."

"अगं, त्याला काय कळत न्हाई व्हय, आपली काय अडचण हाय ती? आपण काय मस्ती म्हणून उचलतोय का? लेकराच्या लग्नाचं काम हाय. देव घेतो समजून!"

कौशल्याबाईंनी हातातलं फूल खाली ठेवलं. "काय म्हणालात?"

"म्हणलं, देव घेतो समजून."

"जरा मोठ्यानं म्हणा. पोरांना ऐकू जाऊ द्या."

"देव घेतो समजून!" अर्जुनराव तावातावानं ओरडले. यात्रेतल्या माईकवर ओरडले होते ना, अगदी तसेच. पत्र्यावरचं कबुतर उडालं.

"आत्ता कसं!" कौशल्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझ्या पूजेतलं देव समजून घेतो व्हय? मग भैरोबा काय दुसऱ्या गावचा हाय? सात वर्सं झाली, पोरगी वेल्डिंगचे फोटू बघत बसलीय, त्यो पोरगा रिकामा फ्लॅट झाडतोय, तिकडं म्हातारी फोनवर जहाज जहाज करतीय, आन् तुमी मिशीवर हात ठिवून शब्द शब्द करताय! भैरोबानं मागितला हुता का शब्द तुमाला? त्यो बिचारा गुलालात बसला हुता गप. माझी पूजा मोडली तर देव समजूतदार, आन् तुमचा शब्द मोडायचा म्हणलं की देव कडक! असा कसा वो तुमचा देव?"

अर्जुनराव डोक्यावरची टोपी चाचपायला लागले. "ते... ते येगळं हाय."

"काय येगळं हाय? सांगा की. मॅडम पण ऐकतायत."

मॅडम खिचडीचा घास तसाच ठेवून खरोखरच ऐकत होत्या. वेल्डर ऐकत होते, फिटर ऐकत होते. अर्जुनरावांनी मदतीसाठी धनेशकडं पाहिलं, तर जावई कपाळावरचं कुंकू पुसण्यात गर्क. त्यांनी लेकीकडं पाहिलं. स्वप्नालीचे डोळे काठोकाठ भरले होते आणि ती त्यांच्याकडं नुसती बघत होती, काही न मागता. सात वर्षांत तिनं कधीच काही मागितलं नव्हतं, हे अर्जुनरावांच्या एकदम ध्यानात आलं असावं, कारण त्यांची मान खाली गेली.

"कदी धरायची तारीख?" ते पुटपुटले.

"तुळशीचं लग्न झालं की पयला मुहूर्त."

"जहाज न्हाई गेलं तरी?"

"जहाज न्हाई, होडी न्हाई. बोला, व्हय का न्हाई?"

"व्हय बाई, व्हय!"

शेडमध्ये जो कल्ला झाला म्हणता! कुणी शिट्टी मारली, कुणी पत्रा बडवला. आणि त्या गोंधळात कौशल्याबाईंनी काय करावं? त्यांनी आपली कापडी पिशवी उघडली, खिचडीच्या डब्याखालून एक पेटी काढली आणि लेकीच्या हातात दिली. वर भोसरीच्या लॅबची मोहोर. आत दुसरा संच. फीलर गेज, प्रेशर गेज, सगळं.

"ही पूजेत नव्हती," बाई म्हणाल्या.

स्वप्नाली पेटीकडं बघते, आईकडं बघते. "हे कधी आलं?"

"परवा. तुमी दोघं रबर आणाया गेला हुता तवा. लॅबचा माणूस आला, आन् पाठोपाठ ह्या मॅडमचा फोन आला."

"मी परवाच सांगितलं होतं की आज येते," इंद्रायणी मॅडम हसत म्हणाल्या. "म्हटलं, सण आहे, अडचण होईल का? तर बाई म्हणाल्या, सणालाच या, आमच्याकडं एका माणसाला पकडायचंय. मला वाटलं, चोर वगैरे आहे की काय!"

"म्हंजी तू..." अर्जुनराव उठायला गेले आणि परत बसले. "सगळं ठरवून?"

"सात वर्सं सरळ सांगून बघितलं," कौशल्याबाई म्हणाल्या. "तुमचं तुमच्याच तोंडून ऐकल्याबिगर तुमी ऐकणाऱ्यातले न्हाई."

आता स्वप्नालीच्या डोक्यात उजेड पडला. कोरा दरवाजा, कोरा हातपंप, यंदाची ती स्क्रू ड्रायव्हरपर्यंतची भक्ती! ती आईच्या गळ्यातच पडली. "आई, मगाशी मी काय काय बोलले गं तुला..."

"बरं झालं बोललीस. तू खरंखरं रडलीस म्हणून तर त्यांचा जीव खाली-वर झाला. खोटं रडली असतीस तर वळखलं असतं त्यांनी." असं म्हणताना बाईंचाही आवाज ओला झाला, म्हणून त्यांनी लगेच खिचडी कुणाकुणाला हवी ते विचारून घेतलं.

मग काम सुरू झालं. स्वप्नालीनं दरवाजाच्या चौकटीच्या कडेला खडू फासला, आठही खिट्ट्या आवळल्या आणि दरवाजा परत उघडला. दरवाजाच्या रबरावर खडूची पांढरी रेघ चारी बाजूंनी सलग उमटली होती, एका जागीही तुटलेली नव्हती. फटीत गेज घातलं, बरोबर. मग पुन्हा दरवाजा लावून टाकीत पाणी भरलं. धनेश हातपंप मारत होता, प्रेशर गेजचा काटा चढत होता, मॅडम बॅटरी घेऊन एकेक कड बघत होत्या आणि अख्खी शेड श्वास धरून उभी. स्वप्नालीला वाटत होतं, दरवाजा नाही, आपलंच काळीज टाकीवर आवळलंय. काटा ठरल्या जागी पोचला, तिथं थांबला, थांबून राहिला. कौशल्याबाईंनी पुढं होऊन कोरड्या बाजूनं तळहात फिरवला.

"टिपूससुदिक न्हाई," त्या म्हणाल्या.

"पास!" इंद्रायणी मॅडमनी शिक्का मारला.

आता मात्र धनेशनं स्वप्नालीला सगळ्यांसमोर उचललं आणि गरकन फिरवलं. अर्जुनरावांनी दुसरीकडं बघितल्यासारखं केलं. फोन लावून अंबूबाईला तारीख सांगितली तर ती पहिल्यांदा म्हणाली, "हाललं वाटतं जहाज!" मग तिला नीट समजावून सांगितलं, आणि फोनमध्येच ती अशी रडायला लागली की स्वप्नालीलाही धीर धरवेना.

अर्जुनराव दरवाजावर थाप मारून मॅडमना म्हणाले, "मंग आता आमच्याकडनं जहाज मोकळं झालं म्हणायचं. तुळशीच्या लग्नाला आणखी महिनाभर हाय. कोण जाणे, तवर जाईलबी समुद्रात! शब्दबी राहील, लगीनबी होईल."

मॅडमनी बशी खाली ठेवली. "तुम्हाला कळवलं नाही का कुणी? दरवाजे झाले, पण रडारचा खांब बदलायचं चाललंय. खांब बदलला की त्याच्या खालची खोली..."

"सरकंल," सगळी शेड एका सुरात म्हणाली.

"सरकेल. अजून दोन वर्षं धरून चाला."

 सगळ्यांच्या नजरा अर्जुनरावांवर. त्यांचा हात सवयीनं मिशीकडं निघाला. स्वप्नालीनं धनेशची बाही घट्ट धरली. कौशल्याबाई नुसत्या बघत होत्या, कमरेवर हात ठेवून.

मिशीपर्यंत पोचलेला हात अर्ध्यावरनं वळला आणि टेबलावर गेला. तिथं हेल्मेटातून सांडलेल्या पेढ्यांत तो अख्खा नारळ पडला होता. अर्जुनरावांनी तो उचलला, गावाच्या दिशेला तोंड करून कपाळाला लावला आणि शेवटच्या दरवाजाच्या पोलादावर नेम धरला.

"बाबा, त्याच्यावर नको!" स्वप्नाली किंचाळली. "तो पास झालाय!"

"बरं, बरं," म्हणत अर्जुनराव हळद लावलेल्या ऐरणीकडं वळले. "देव घेतो समजून," ते म्हणाले आणि लेकीच्या लग्नाचा नारळ त्यांनी एका घावात फोडला.